तांब्याभर नदी

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. पण भिंतीवर खिळ्याला टांगतात किंवा घडी घालून पिशवीत ठेवतात, तसला नव्हे. मला डोंगर आहेत, दऱ्या आहेत, उतारावर झाडे आहेत आणि मधोमध एक नदी आहे. जेवणाच्या मोठ्या टेबलाएवढा माझा पसारा आहे. अशा नकाशाला उठावाचा नकाशा म्हणतात. एका वीजघराच्या दर्शनी दालनात, काचेच्या पेटीत मी कित्येक वर्षे बसून आहे.

माझ्यासमोर एक मोठी खिडकी आहे. वीजघर पाहायला आलेली माणसे आधी मला पाहायची. काचेला नाक लावून, वाकून पाहायची आणि म्हणायची, किती छान नदी आहे! माझी नदी खरोखरच छान होती. निळीशार, डोंगरापासून वीजघरापर्यंत काठोकाठ भरलेली. मग ती माणसे मान वर करून खिडकीबाहेर बघायची. बाहेर तीच नदी होती. म्हणजे तिची जागा होती. पांढरे गोटे, वाळून कातडीसारखे झालेले शेवाळ, मधे एखादे डबके आणि त्यावर माश्या. कुणी पुन्हा एकदा माझ्याकडे बघे, कुणी ओठ मुडपून हसे, आणि बरीचशी माणसे पुढच्या दालनात निघून जात.

कौतुक झाले की कुणालाही बरे वाटते. मला मात्र कुणी छान म्हटले की तोंड लपवावेसे वाटे. पण लपवणार कुठे? पेटी चारही बाजूंनी काचेची आहे.

माझा जन्म एका अरुंद गल्लीत, एका साचेवाल्याच्या खोलीत झाला. तो दातांच्या डॉक्टरांना कवळ्यांचे साचे करून देई, घरांच्या छताला लावायची प्लास्टरची फुले करून देई, आणि माझ्यासारखे एखादे मोठे काम वर्षा-दोन वर्षांनी मिळाले की घरभर आनंदाने हिंडे. खोलीतल्या फळीवर कवळ्या ओळीने हसत बसलेल्या असत आणि त्यांच्याखाली मी थराथराने उंच होत होतो. उंचीच्या रेषांप्रमाणे पुठ्ठे कापायचे, एकावर एक चिकटवायचे, वर ओले प्लास्टर थापायचे, वाळले की कानस आणि मग पॉलिशपेपर. साचेवाल्याच्या नाकाचा शेंडा कायम पांढरा असे. त्याची बायको दारातूनच सांगे, की जेवायला येताना नाक झटकून या, नाहीतर आमटीत डोंगर उगवेल.

मला घडवून घेणारी एक तरुण इंजिनियर होती. कचेरीत तिला सगळे बाई म्हणत. पण घरात ती शेंडेफळ होती आणि तिच्या थोरल्या बहिणीच्या तोंडी तिचे नाव 'धाकटी' असेच होते. मीही तिला धाकटीच म्हणतो. कचेरी सुटली की ती फूटपट्टी घेऊन येई आणि माझे डोंगर तपासून बघे. सगळे तपासून झाले की तिचे बोट नदीच्या एका वळणावर येऊन थांबे. तिथे तिच्या ताईचे घर होते.

ताई आणि तिचा नवरा सूत रंगवत. रंगाच्या हंड्यातून काढलेली लड वाहत्या पाण्यात खळबळली की जादाचा रंग निघून जातो आणि पक्का तेवढा सुताला धरून राहतो. साठलेल्या पाण्यात हे जमत नाही. एका लडीचा रंग दुसरीला लागतो आणि दोन्ही वाया जातात. म्हणून त्यांचे घर अगदी काठावर होते आणि दारातल्या पायऱ्या सरळ पाण्यात उतरत होत्या. लडी धुवायच्या दिवशी नदी खाली लांबपर्यंत रंगीत दिसे. खालच्या वाडीची माणसे म्हणत, "आज ताईंकडे तांबडं आहे वाटतं, कपडे उद्या धुवा."

साचेवाल्याला नदीसाठी मनासारखा निळा मिळेना. एक आकाशासारखा झाला, एक पाटीसारखा. शेवटी धाकटीने ताईला निरोप धाडला आणि ताई स्वतःच निळीचे मडके घेऊन आली. तिने मला एकदा सगळीकडून पाहिले. मग तिला तिचे घर सापडले. बुचाच्या तुकड्याचे, नखाएवढे, वर तांबडे छप्पर.

"आमचं छप्पर तांबडं कुठंय?" ती म्हणाली. "आणि मागची पडवी खाल्लीत वाटतं."

धाकटी म्हणाली, की लांबून ओळखू यावे म्हणून सगळ्या घरांना तांबडे दिले आहे. ताईने मान डोलावली आणि साचेवाल्याच्या हातातला कुंचला घेतला. वरपासून खालपर्यंत तिने माझी नदी एका दमात रंगवली. साचेवाला पाहतच राहिला. रंग जरा जास्तच रुंद गेला असे त्याला वाटले असावे, कारण तो काहीतरी पुटपुटला. ताई म्हणाली, "नदीला हात आखडता घेऊ नये."

माझी नदी एवढी भरलेली का, ते तुम्हाला आता कळले असेल. ती प्रेमाने रंगवलेली होती.

आता मला कशासाठी घडवले तेही सांगतो. त्या दरीतल्या पाण्यावर वीज करायची हे ठरले होते. कशी करायची, ते ठरायचे होते. तीन तऱ्हा होत्या, आणि साचेवाल्याने तिन्हींचे सुटे भाग करून दिले होते. हवा तो भाग माझ्यात बसवायचा, वरून पाणी ओतायचे आणि काय होते ते लोकांनी डोळ्यांनी पाहायचे.

पहिली तऱ्हा मोठ्या धरणाची. दरीच्या तोंडाशी उंच भिंत घालायची, मागे सरोवर साठवायचे आणि हवी तेव्हा वीज करायची. वीज हुकमी, पुरालाही लगाम. पण खर्च डोळे पांढरे करणारा, बांधायला अर्धे आयुष्य जाणार, आणि भिंतीमागे जे जे आहे ते सगळे पाण्याखाली. शेते, झाडे, ताईच्या पायऱ्या आणि ज्या घराला त्या जातात ते घरही.

दुसरीला कागदावर उदंचन म्हणतात. बोलताना सगळे 'दोन तळी' म्हणत. एक तळे डोंगरमाथ्यावर, दुसरे पायथ्याशी. विजेला गिऱ्हाईक नसेल तेव्हा पाणी पंपाने वर चढवायचे, आणि घरोघरी दिवे लागले की खाली सोडायचे. गाव बुडत नाही, नदीलाही फारसा हात लागत नाही. पण डोंगराचा माथा सुरुंगाने उडवून बशीसारखा करावा लागतो. शिवाय पाणी वर चढवायला जेवढी वीज लागते तेवढी ते खाली येताना परत मिळत नाही. ती योजना वीज साठवते, नवी करत नाही.

तिसरी तऱ्हा वाहत्या पाण्याची. वर एक ठेंगणा बंधारा, तिथून पाणी कालव्यात वळवायचे, डोंगराच्या कडेने न्यायचे आणि खाली लोखंडी नळातून वीजघराच्या चाकावर सोडायचे. स्वस्त, लवकर होणारी, सरोवर नाही, कुणाचे घर जात नाही. नदी आटली की वीज आटते एवढाच काय तो दोष, असे सगळे म्हणत. जे पाणी कालव्यातून गेले ते नदीतून जाणार नाही, ही गोष्ट लहान मुलालाही कळावी इतकी सोपी आहे. इतकी सोपी, की ती बोलायची राहूनच गेली.

यातली एक तऱ्हा निवडायला गावकऱ्यांपुढे सुनावणी व्हायची होती. तिच्या आधी साचेवाल्याच्या खोलीत रंगीत तालीम झाली. धाकटीने माझ्या मापाने हिशेब करून नदीचे रोजचे पाणी काढले. ते भरले औषधाच्या बाटलीच्या झाकणाएवढे. तिने ते झाकण माझ्या डोंगरावर उपडे केले. पाणी वाहिलेच नाही. त्याचे मणी झाले आणि ते बंधाऱ्याच्या वर जागच्या जागी बसून राहिले.

साचेवाला म्हणाला, "बाई, डोंगर लहान करता येतो. पाण्याचा थेंब कसा लहान करणार? तांब्याभर ओतू. वाहताना दिसलं म्हणजे झालं."

त्याने तांब्याभर ओतले. कालवा भरला, आणि उरलेले पाणी बंधाऱ्यावरून उडी मारून नदीतूनही वाहत गेले. खालची नीळ पाण्यातून चमकू लागली. धाकटीने हातातल्या झाकणाकडे पाहिले, मग पाण्याकडे. तिचे बोट सवयीने वळणावर गेले, तांबड्या छपरावर. मग ती म्हणाली, "बरं."

त्या एका शब्दात कपट नव्हते, मित्रांनो. तिला ताईचे घर वाचवायचे होते. पण त्या शब्दापासून माझी लाज सुरू होते.

सुनावणी एका शाळेच्या सभागृहात झाली. मला मधोमध ठेवले होते आणि भोवती गावची माणसे दाटीने उभी होती. सुनावणीचे अध्यक्ष खुर्चीवरून उठून पुन्हा पुन्हा माझ्याजवळ येत. साचेवाला नवा सदरा घालून तांब्या घेऊन उभा होता. नाकाचा शेंडा त्याही दिवशी पांढराच.

आधी मोठे धरण. साचेवाल्याने लाकडी भिंत खोबणीत बसवली आणि पाणी ओतले. सरोवर चढू लागले. मागून कुणीतरी म्हणाले की आता होडी घ्यायला हवी. आणि मग एक गोष्ट झाली. माझी घरे सरसाने चिकटवलेली होती. सरस पाण्यात विरघळतो हे साचेवाल्याला चांगले ठाऊक होते. धरणात घरे पाण्याखाली जाणार हेही ठाऊक होते. पण या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात कधी एकमेकींना भेटल्याच नव्हत्या. पहिल्यांदा ताईचे घर सुटले आणि तरंगू लागले. मग शेजारचे, मग सगळेच. एक घर उलटे झाले आणि छपरावर गोल गोल फिरत राहिले. कुणीतरी हसले आणि चटकन थांबले.

ताई पुढे आली. तिने सरोवरात हात घातला, आपले घर उचलले, बाहीला पुसले आणि मुठीत धरले.

"हे नको," ती म्हणाली.

तेवढ्यावर मोठे धरण निकालात निघाले. त्याच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच होते, पण ऐकायला कुणाचे कान उरले नव्हते. एवढा मोठा निर्णय, आणि तो सरसाने घेतला.

मग दोन तळी. अध्यक्षांनी समजून घेण्याचा प्रयत्न केला आणि विचारले, की म्हणजे जास्त वीज देऊन कमी वीज परत घ्यायची का? गर्दीतला एकजण म्हणाला, माझा मेहुणा असाच धंदा करतो. सगळे सभागृह हसले, आणि त्या हसण्यात दोन तळीही बुडाली. दिवे लागायच्या वेळी वीज कुठून आणायची हा प्रश्न त्यांच्याबरोबरच बुडाला, तो पुन्हा वर आला नाही.

शेवटी वाहत्या पाण्याची पाळी. साचेवाल्याने तांब्या कलता केला. कालवा भरला, नदीही भरली, आणि दोन्हीकडून पाणी झुळझुळत खाली आले. माणसे पुढे झुकली. मला आठवते, त्या दिवशी मी खूप सुंदर दिसत होतो.

ताईने विचारले, "नदी अशीच राहणार ना?"

धाकटी म्हणाली, "तुझं घर कुठंही जाणार नाही, ताई."

ताई क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग ती शेजाऱ्यांकडे वळली. घर अजून तिच्या मुठीत होते. "मग याला हो म्हणा," ती म्हणाली. सगळ्यांनी हात वर केले.

साचेवाल्याने नंतर माझी घरे पक्क्या डिंकाने पुन्हा बसवली. ताईने मात्र आपले घर परत दिले नाही. धाकटीने मागितले तेव्हा ती हसून म्हणाली, की राहू दे माझ्याकडे, पुरती भीती गेली की आणून देईन. त्या वळणावर सरसाचा एक पिवळट डाग तेवढा राहिला.

पुढे बंधारा झाला, कालवा झाला, वीजघर उभे राहिले आणि मला वार्निश देऊन या दालनात आणले. दाराशी एक पाटी लागली: या योजनेत एकही घर हलवावे लागले नाही. त्या पाटीवरचा शब्द न् शब्द खरा आहे.

तेव्हा माझ्यासमोरच्या खिडकीतून नदी दिसत होती आणि पलीकडच्या काठावर, जरा वरच्या अंगाला, ताईचे घरही. तांबडे नव्हे, करड्या छपराचे. चाक फिरवायच्या दिवशी भाषणे झाली, माझ्या पेटीला फुले लावली. वर बंधाऱ्याची दारे लावून पाणी कालव्यात घेतले. इथे लोक टाळ्या वाजवत होते, त्यामुळे आधी काय गेले ते कुणाला कळले नाही. आधी आवाज गेला. मग गोट्यांचे माथे दिसू लागले, मग आख्खे गोटे. दुसऱ्या दिवशी बायका-मुले बादल्या घेऊन डबक्यांतले मासे गोळा करत होती आणि खाली वीजघराच्या पलीकडे, जिथे पाणी पुन्हा नदीत येते, तिथे नेऊन सोडत होती. काही वाचले असतील.

पुराच्या दिवसांत बंधारा ओसंडतो आणि काही आठवडे नदी येते. पाहुण्यासारखी येते आणि जाते.

ताईच्या पायऱ्या आता गोट्यांत उतरत होत्या. त्यांनी टाक्या बांधल्या, विहीर खोल केली, पाणी बदलून बदलून पाहिले. पण गडद रंग साठलेल्या पाण्यात धुता येईनात. मग फिकट रंगच करू लागले. मग तेही घेणारी माणसे कमी झाली. घर जसेच्या तसे उभे होते; एका भिंतीलाही तडा नाही. घरातले काम तेवढे गेले.

धाकटीने शब्द टाकला आणि ताईच्या नवऱ्याला इथे नोकरी मिळाली. धाकटी त्यांना दाजी म्हणे, म्हणून वीजघरातले सगळेच दाजी म्हणू लागले. त्यांचे काम काय, तर माझी काच पुसायची, आणि पाहुणे आले की पेटीचे झाकण उघडून माझ्यावर तांब्याभर पाणी ओतायचे. ज्यांच्या दारातली नदी गेली होती, तेच रोज माझी नदी भरत. त्यांच्या नखांच्या कडा अजून निळ्या होत्या.

दाजी मोठे गमतीचे. शाळेची सहल आली की म्हणत, "या, या. इथली नदी चालू-बंद करायचं काम माझ्याकडं आहे." मुले टाळ्या पिटत. एकदा एका मुलीने खिडकीकडे बोट केले आणि विचारले, मग ती का बंद आहे? दाजी म्हणाले, "तिचा तांब्या दुसऱ्यांच्या हातात आहे, बाळ."

माझ्यावरून वाहिलेले पाणी खाली एका बादलीत जमा होई. घरी जाताना दाजी ती बादली नदीच्या पात्रात ओतत. मी खिडकीतून बघत असे. तेवढ्यापुरते गोटे काळे होत आणि लगेच पांढरे पडत.

काच पुसताना दाजी माझ्याशी बोलत. माणसाशी बोलता येत नाही ते काचेशी बोलता येते. त्यांच्या बोलण्यातून मला कळे, की दोघी बहिणींचे भांडण झालेले नाही. धाकटी येई, चहा घेई, आजारपणात धावून येई. पण दोघी पुढच्या पायऱ्यांवर कधी बसत नसत. मागच्या पडवीत बसत, जिथून नदी दिसत नाही. आणि ताईने दुकानात जाणे सोडले होते. एकदा रांगेत कुणीतरी म्हणाले होते, हात वर करायला ताईंनीच सांगितलं होतं ना. रागाने नाही, सहजच. पण तेव्हापासून सामान आणायला दाजी जात.

अशी वर्षे गेली. साचेवाला गेला. धाकटीचे केस पांढरे झाले आणि ती वीज खात्यातली सगळ्यांत मोठी इंजिनियर झाली. आणि वीजघराचा परवाना नव्याने द्यायची वेळ आली. आता प्रश्न एकच होता. बंधाऱ्यावरून नदीसाठी थोडे पाणी सोडायचे की नाही? सोडले, तर ताईच्या दारात पुन्हा नदी येणार होती. नाही सोडले, तर आणखी एक पिढी गोटेच बघणार होती. वीजघराच्या मालकांचे म्हणणे, की सोडलेला प्रत्येक थेंब म्हणजे बुडालेली वीज. यावेळचे अध्यक्ष नवे होते. आधी नकाशावर बघू, मग बोलू, असे म्हणून ते सगळ्यांना घेऊन या दालनात आले.

दाजींनी सवयीने तांब्या भरून आणला. धाकटीने तो घेतला आणि बाजूला ठेवला. मग तिने पिशवीतून औषधाच्या बाटलीचे एक झाकण काढले, भरले आणि माझ्या डोंगरावर उपडे केले.

पाण्याचे मणी झाले. बंधाऱ्याच्या वर ते जागच्या जागी थरथरत बसले. कालवा कोरडा, नदी कोरडी.

अध्यक्ष म्हणाले, "तुमची नदी बिघडली की काय?" माणसे हसली. आयुष्यात मला इतके मेल्याहून मेल्यासारखे कधी झाले नव्हते.

"नदी बिघडलेली नाही," धाकटी म्हणाली. "पुराचे दिवस सोडले तर ती एवढीच असते. तेवढ्यानं नकाशावर काही दिसत नाही म्हणून मागच्या वेळी मी तांब्याभर ओतू दिलं. ताईनं विचारलं होतं, नदी अशीच राहणार का. मी तिला घराचं उत्तर दिलं."

मालकांकडचा माणूस काही वाईट नव्हता. त्याने शांतपणे विचारले, की पाणी सोडले तर तेवढी वीज कोळशावर करावी लागेल, तो धूर कुणाच्या नावावर मांडायचा?

"मांडू की," ती म्हणाली. "माझ्या नावावर मांडा हवं तर. पण धूर मांडायचा तर ही नदीही मांडायची. आपण धरणात जाणारी घरं मोजली, डोंगराचा माथा मोजला, सिमेंट मोजलं. हिच्यापुढं शून्य लिहिलं आणि ही योजना सगळ्यांत स्वस्त निघाली. याला तोलणं म्हणत नाहीत." मग तिने खिडकीकडे पाहिले. "चला बाहेर. ते या नकाशावर दिसायचं नाही."

मी त्यांना जाताना पाहिले. सगळे पात्रात उतरले आणि गोट्यांवरून चालू लागले. चकचकीत बुटांचे पाय घसरत होते, कुणी कुणाचा हात धरत होते. ताई दारात आली. पुढचे मला ऐकू येण्यासारखे नव्हते. दाजींनी ते दुसऱ्या दिवशी काच पुसताना सांगितले.

दमलेले अध्यक्ष पायरीशी उभे राहून इकडेतिकडे बघू लागले. ताई म्हणाली, "बसा की. नदीत जागा पुष्कळ आहे."

कुणी हसले नाही. अध्यक्ष खरेच एका गोट्यावर बसले.

धाकटी खालच्या पायरीपाशीच थांबली होती. वर जायला तिचा पाय उचलेना. "ताई, तू नदीचं विचारलं होतंस," एवढेच ती बोलली.

"मला तेव्हाच कळलं होतं," ताई म्हणाली, "तू घराचं बोललीस ते. पण मला घरच हवं होतं गं. म्हणून पुन्हा विचारलं नाही." आणि मग, "हात मात्र मी सगळ्यांना वर करायला लावले."

मग त्या दोघी किती तरी वर्षांनी पुढच्या पायऱ्यांवर बसल्या. दाजी म्हणाले, की मी चहा टाकायला आत गेलो, कारण तिथे माझे काही काम नव्हते.

मित्रांनो, मला वाटत आले होते की लाज एकट्या मलाच आहे, कारण मी काचेत आहे आणि सगळ्यांना दिसतो. त्या दिवशी कळले, की ती वर्षानुवर्षे वाटून घेतलेली होती आणि प्रत्येकाला आपलाच वाटा सगळ्यांत मोठा वाटत होता.

पाणी सोडायचे ठरले. मागितले होते त्याच्या निम्म्याहूनही कमी. कोळशाचा विचार झाला, दिव्यांचा झाला, यावेळी गोट्यांचाही झाला, आणि तिघांच्या ओढाताणीत जे उरले ते नदीला मिळाले. एके सकाळी खिडकीतून मला आधी आवाज आला. बारीक होता, पण होता. मग गोट्यांमधून एक चमकती रेघ वाट काढत खाली आली.

त्यानंतर थोड्या दिवसांनी ताई या दालनात आली. त्या पहिल्या सुनावणीनंतर पहिल्यांदाच ती माझ्या इतकी जवळ आली होती. तिच्या हातात पत्र्याची पट्टी होती आणि रंगाच्या दोन वाट्या. दाजींनी झाकण उघडले. दोघांनी मिळून माझे वार्निश खरवडले, मग खालची निळी नदी खरवडली. दुखले नाही, असे म्हणणार नाही. मग ताईने गोट्यांचा करडा रंग भरला आणि त्यातून एक निळी रेघ ओढली, सुताएवढी.

दारात धाकटी येऊन उभी होती. तिने विचारले, "एवढीच?"

"आहे तेवढीच काढते," ताई म्हणाली.

धाकटी जवळ आली. तिचे बोट जुन्या सवयीने वळणावर गेले आणि सरसाच्या डागावर थांबले. "घर आणलंस?"

"नाही अजून," ताई कुंचला पुसत म्हणाली. "पाणी घोट्यापर्यंत आलंय. लड बुडत नाही त्यात. ढोपरापर्यंत येऊ दे."

आता मला कुणी छान म्हणत नाही. करडा दिसतो, जुना दिसतो. मुले माझ्यापुढून भरभर निघून जातात. पण कुणी मान वर करून खिडकीबाहेर पाहिले, की तिथे जे दिसते ते आणि माझ्यावर जे आहे ते सारखेच असते. माझ्यासारख्याला याहून मोठे समाधान नाही.

म्हणून एक मागणे आहे, मित्रांनो. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यापुढे कुणी असाच सुंदर नकाशा ठेवील आणि विजेची, रस्त्याची, कशाची तरी स्वस्त तऱ्हा दाखवील. नकाशा जरूर पाहा. पण वरून किती पाणी ओतले आहे ते विचारा. आणि तुम्ही विचारले एक आणि उत्तर आले दुसरेच, तर ते उत्तर कितीही गोड असले तरी पुन्हा विचारायला लाजू नका. नाहीतर ती लाज पुढे फार वर्षे पुरते.

दाजी रोज माझी काच पुसतात, झाकण उघडून डोंगरावरची धूळ झटकतात. वळणावरचा तो सरसाचा डागही फडक्याने हलकेच पुसतात. पण खरवडत नाहीत.